बहिणींच्या वाट्याला आलेली जादू
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंगळवेढ्याच्या शिवारात एखाद्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड ओळीनं मांडलेले दिसतात. या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. त्यांची खणा-नारळानं ओटी भरायची आणि भर दुपारी एकट्यानं विहिरीकडं फिरकायचं नाही, हे आम्हा पोरांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक होतं. त्यामुळं बहिणींची अद्भुत शक्ती पुढं एका इंग्रजी कादंबरीत भेटली, तेव्हा ती परकी वाटली नाही.

ॲलिस हॉफमन या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी, ‘प्रॅक्टिकल मॅजिक’, १९९५ सालची. १९९८ मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. सॅली आणि गिलियन या पोरक्या बहिणी घरातल्या दोन म्हाताऱ्या बायकांकडं वाढतात. त्या घराण्यात जादू पिढीजात. गावच्या बायका अंधारात मागच्या दारानं येऊन प्रेमाचा तोडगा मागतात आणि दिवसा त्याच घराची सावली टाळतात. थोरल्या सॅलीला हा वारसा नकोच आहे. नवरा गेल्यावर ती दोन मुलींना घेऊन दूर जाते. धाकटी गिलियन तर केव्हाच पळून गेलेली. ती एका रात्री बहिणीच्या दारात उभी राहते, आणि तिच्या मोटारीत एक प्रेत असतं. दोघी ते परसात पुरतात. त्या जागी फुलझाड विलक्षण फोफावतं. मग तपास करणारा माणूस येतो. पुढचं सांगत नाही!

अशी कादंबरी वाचताना एक पथ्य पाळावं. रहस्यकथेला पुरावा लागतो, अद्भुतात तर काहीही घडू शकतं. लेखकानं अडचण येताच मंत्र फुंकला, तर वाचकाची फसवणूक होते. म्हणून कोणाला काय येतं आणि काय येत नाही, हे सुरुवातीपासून ध्यानात ठेवावं. सॅलीच्या धाकट्या लेकीला माणसांच्या मनातलं जाणवू लागतं. पण जाणवणं म्हणजे पुरावा नव्हे. खरी गंमत या फटीत आहे. धारपांच्या भयकथा रात्र जागून वाचलेल्यांना ही सवय असेलच.

आणि बहिणीच का? वारसा एक, वाटण्या वेगळ्या. एकीला जो भार वाटतो, त्याची दुसरी हौस करते. मंगळवेढ्यात हे बोलताना कान्होपात्रा आठवतेच. आई शामा गणिका, म्हणून लेकीनंही तोच मार्ग धरावा, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तिनं पंढरीची वाट धरली. बेदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, तेव्हा तिनं विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला, असं सांगतात. आईकडून आलेलं सगळं घ्यायलाच हवं का, हा सॅलीचाही प्रश्न आहे.

मला मात्र कादंबरीतलं गाव जास्त अस्वस्थ करून गेलं. काही बिघडलं की बोट याच घराकडं. आपल्याकडं सातपुड्याच्या भागात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं असं करणं गुन्हा ठरवलं. तिथं ना कसला तपास, ना पुरावा. आईवर ठपका असला की लेकही तशीच.

आजीला मी ही गोष्ट मराठीत सांगितली. प्रेत, फुलझाड, पोलिस, सगळं तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “त्या दोघी म्हाताऱ्यांची ओटी कुणी भरत होतं का रे?”

कुणीच नाही, असं मी सांगितलं.