कॅप्टन हॉब्सन व वाइतांगीचा तह

आरमारी अधिकारी वसाहतींचे गव्हर्नर झाल्याची उदाहरणे ब्रिटिश इतिहासात विरळ नाहीत. परंतु विल्यम हॉब्सनचा (१७९२–१८४२) वृत्तान्त भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. १८०३ मध्ये बालवयातच तो आरमारात दाखल झाला. जानेवारी १८४० मध्ये तो लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून न्यूझीलंडला उतरला. माओरी सरदारांशी करावयाच्या तहाचा इंग्रजी मसुदा आठवड्याभरात सिद्ध झाला व ४ फेब्रुवारीच्या रात्री मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्याचा पुत्र एडवर्ड यांनी त्याचे माओरी भाषांतर केले.

इंग्रजी संहितेत सरदार 'सार्वभौमत्व' सोडतात. माओरी संहितेत 'कावनातंगा'. 'गव्हर्नर' या शब्दाचे माओरी रूप 'कावना'. त्यास भाववाचक प्रत्यय जोडून हा शब्द बनला आहे. बायबलाच्या माओरी भाषांतरात रोमन अधिकारी पायलेट हाही 'कावना'च. तेव्हा 'गव्हर्नराचा कारभार' एवढाच अर्थ श्रोत्यांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक होते. शिवाय दुसऱ्या कलमान्वये 'रंगातिरातंगा', म्हणजे सरदारकी, त्यांच्याकडेच राहत होती. पाचशेहून अधिक सरदारांनी तह मान्य केला. पैकी इंग्रजी प्रतीवर सह्या केवळ ३९ जणांच्या.

हॉब्सन १८४१ मध्ये गव्हर्नर झाला व पुढील वर्षी ऑकलंड येथे निवर्तला. वाद मात्र मिटला नाही. फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडले नव्हते, असा निष्कर्ष वाइतांगी न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये काढला.