विजेच्या सायकलीचा हिशेब

सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेला लागले की कुंभारी गाव येते. इथे विडी वळणाऱ्या बायांची वसाहत आहे. जवळच रे नगर वसले आहे. यंत्रमागावरचे कामगार, विडी कामगार, फेरीवाले अशांसाठी तीस हजार घरांची ती योजना. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी मिळाल्या. घर झाले. पण काम शहरात राहिले. मग रोजचे जाणे-येणे आले, आणि जाणे-येणे म्हणजे पैसा.

म्हणून अलीकडे या भागात एक बोलणे वरचेवर कानी पडते. विजेची गाडी घ्यावी का? का आहे त्या सायकलीलाच मोटर बसवावी?

असेच दोघे जण बोलत होते. दाजी यंत्रमागावर कामाला. मेव्हण्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान.

"लाखाची स्कूटर घ्यावी म्हणतो," दाजी म्हणाले. "पेट्रोल लागत नाही. फुकटच पडते की."

"फुकट कशी, दाजी? वीज काय फुकट येते? आणि लाख रुपये कुठून आणणार?"

"हप्त्यानं."

"मग आधी कागद-पेन्सिल घ्या. गाडी नंतर घ्या."

मेव्हण्याचे म्हणणे बरोबर होते. आपणही त्यांच्याबरोबर कागद घेऊन बसू.

आधी युनिट म्हणजे काय ते पाहू. विजेचे बिल युनिटवर येते. शंभर वॅटचा जुना दिवा दहा तास जळला की एक युनिट होते. विजेच्या स्कूटरला मीटरवरच्या एका युनिटात सुमारे पंचवीस किलोमीटर धरा. कंपन्या जास्त सांगतात. पण मागे माणूस बसतो, रस्त्यात खड्डे असतात, आणि भरताना थोडी वीज वाया जाते. तेव्हा कमीच धरलेले बरे.

दाजींचे रोजचे जाणे-येणे वीस किलोमीटर. महिन्यात कामाचे दिवस सव्वीस. म्हणजे ५२० किलोमीटर. त्यांची जुनी मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर जाते. महिन्याला साडेदहा लिटरच्या आतबाहेर पेट्रोल लागते. लिटरला १०४ रुपये धरले, तर झाले १,०८० रुपये. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच वाटेला २१ युनिटे लागतील. युनिटला दहा रुपये धरू. झाले २१० रुपये. महिन्याला ८७० रुपये वाचले.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" दाजी खूश झाले.

"थांबा. आता हप्ता मांडा."

वीस हजार रोख भरले आणि ऐंशी हजार कर्ज काढले, असे समजा. व्याज शेकडा बारा, मुदत तीन वर्षे. दरमहा हप्ता येतो २,६५७ रुपये. वाचले ८७०, गेले २,६५७. दर महिन्याला खिशातून १,७८७ रुपये जादा गेले. तीन वर्षांत मिळून ९५,६५२ रुपये फेडायचे. त्यात साडेपंधरा हजारांच्या वर नुसते व्याज.

दाजी गप्प झाले.

पण हाच हिशेब दुसऱ्या घरी उलटा होतो. एखादा गवळी रोज साठ किलोमीटर फिरतो, असे धरू. दुधाला सुट्टी नसते. तीस दिवसांत १,८०० किलोमीटर झाले. पेट्रोलला ३,७४४ रुपये. विजेला ७२० रुपये. वाचले ३,०२४. हप्ता भरूनही हातात साडेतीनशे उरतात, आणि तीन वर्षांनी गाडी आपली. तेव्हा शेजाऱ्याला परवडली म्हणून आपल्याला परवडेल असे नाही. तो किती फिरतो, ते आधी विचारा. घरची मोटारसायकल मोडीत निघाली असेल आणि नवी घ्यायचीच असेल, तरी हिशेब बदलतो. कारण पेट्रोलची नवी गाडीही ऐंशी-नव्वद हजारांना पडते. मग वरचा फरकच तेवढा भरून काढायचा राहतो.

विजेच्या बिलाचीही एक खुबी आहे. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटांपर्यंत कमी असतो, पुढे चढतो. गाडीची युनिटे त्या चढ्या भागात पडली, तर बिल वाटले त्याहून मोठे येते.

आता बॅटरी. सगळ्या गोष्टीचे मर्म इथे आहे. पेट्रोलच्या गाडीत आपण रोज थोडे थोडे पैसे जाळतो. विजेच्या गाडीत ते आधीच बॅटरीत घातलेले असतात. बॅटरी भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली, की दर वेळी ती थोडी झिजते. जशी बैलगाडीची धाव झिजते, तशी. साधारण पाचशे वेळा पुरती भरून झाली, की लिथियमच्या बॅटरीचा दम कमी होऊ लागतो. पूर्वी पंचवीस किलोमीटर नेणारी मग वीसवर येते. शिशाची बॅटरी स्वस्त असते, पण जड असते आणि लवकर बसते. स्कूटरची मोठी बॅटरी नवी घ्यायची झाली, तर खर्च पन्नास हजारांच्या आसपासही जातो. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. आपण विचारायचे.

"मग सायकलीला मोटर बसवली तर?" दाजींनी विचारले.

हा मार्ग गरिबाच्या आवाक्यातला आहे. बाजारात तयार विजेची सायकल पंचवीस ते पस्तीस हजारांना मिळते. आपल्याच सायकलीला बसवायचा संच सुमारे दहा हजारांना येतो. त्यात मोटर बसवलेले चाक, वेग सांभाळणारी पेटी, वेगाची मूठ आणि ब्रेकच्या मुठी असतात. बॅटरीचे आणखी दहा हजार. सगळे मिळून वीस हजार.

सायकलीच्या बॅटरीवर बहुधा ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास असे लिहिलेले असते. दोन्ही आकडे गुणा. ३६० झाले. हजार झाले असते तर एक युनिट. म्हणजे बॅटरीत युनिटच्या एक-तृतीयांशाहून थोडी जास्त वीज मावते. मधून मधून पायडल मारले, की तेवढ्यात पंचवीस किलोमीटर जाता येते. सोलापूरची वाट बहुतेक सपाट, त्यामुळे मोटरला फार ओढ पडत नाही. मात्र समोरचा वारा असला की बॅटरी लवकर उतरते.

महिन्याला विजेचे शंभर रुपये धरा. पेट्रोलचे १,०८० वाचले, त्यातून हे वजा केले. राहिले ९८०. यातले तीनशे रुपये दरमहा बाजूला टाकायचे. ते पुढच्या बॅटरीचे. त्यांना हात लावायचा नाही. उरले ६८० रुपये. या रकमेत वीस हजार अडीच वर्षांत भरून निघतात. कर्ज नाही, व्याज नाही. दहा किलोमीटरला अर्धा तास लागेल, एवढेच. आणि मोटारसायकल लग्नाकार्याला, दवाखान्याला घरात आहेच. पण आज जो साध्या सायकलीने जातो, त्याचे यात काहीच वाचत नाही. त्याचे वीस हजार जातात ते गुडघ्यांच्या आरामासाठी.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सायकल-रिक्षाला मोटर लावण्याचे प्रयोग गेल्या शतकाच्या अखेरीलाच सुरू केले होते. कल्पना काही नवी नाही.

मोटारसायकलही विजेवर करता येते. ठाण्याच्या एका कंपनीच्या तशा संचाला २०२१ साली सरकारी मान्यता मिळाली. संचाचे पस्तीस हजार, वर कर. बॅटरी धरून खर्च पंच्याण्णव हजारांच्या घरात गेला. एवढ्यात नवी स्कूटर येते. मग जुन्या सांगाड्यावर पैसा कशाला घालायचा? आम्हाला तरी ते पटत नाही.

कायदाही माहीत हवा. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर नंबर लागत नाही आणि लायसन्सही लागत नाही. त्यापुढे गेले की सगळे लागते: नोंदणी, विमा, लायसन्स, हेल्मेट. गाडीची पाटी हिरवी असते. काही मिस्त्री म्हणतात, "पाचशे रुपये द्या, वेगाचं कुलूप काढून देतो." काढू नये. २०२२ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने अशा गाड्यांवर कारवाई केली होती. अपघात झाला, तर तुमच्या मदतीला विमाही नाही आणि कायदाही नाही.

सरकारी सूट मिळते का? स्कूटरला केंद्राची सूट आधीपासून होती. जून २०२३ मध्ये ती कमी झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवी योजना आली. तिच्यात बॅटरीच्या दर युनिटामागे पाच हजार मिळत. एप्रिल २०२५ पासून ते निम्मे झाले. सूट अशी घटत जाते. जाहिरातीतली किंमत कोणत्या दिवसाची आहे, ते बघून घ्या. सायकलीला ही सूट नव्हती.

शेवटी उन्हाचे. सोलापुरात उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. उन्हात तापलेली बॅटरी लगेच भरायला लावू नका. सावलीत तासभर निवू द्या. रात्री सगळे झोपल्यावर भरू नका, दारातही भरू नका. दारातच पेट घेतला, तर बाहेर पडायची वाट बंद होते. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकला मालमोटारीतून चाललेल्या वीस विजेच्या स्कूटर जळाल्या. त्या वर्षाच्या अखेरीपासून सरकारने बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक केले. म्हणून बिलाशिवाय, नावाशिवाय मिळणारी बॅटरी स्वस्त असली तरी घेऊ नये.

दाजींनी स्कूटरचा नाद सोडला. घरातली काळी सायकल घेऊन ते मेव्हण्याच्या दुकानी गेले. मेव्हण्याने सायकल उलटी केली, चाक फिरवून पाहिले, आणि म्हणाला, "मोटर बसंल, दाजी. पण हे जुने दांड्याचे ब्रेक चालायचे नाहीत. आधी ते बदलू. मग संच मागवू."