नाक चोंदलंय? थेंब जपून!

सबमिशनचा आठवडा, हॉस्टेलच्या खोलीतली धूळ आणि त्यात चोंदलेलं नाक. मग मेडिकलमधून थेंब आणायचे, नाकात टाकायचे, काही मिनिटांत मोकळं! पण महिनोन् महिने ती बाटली खिशात घेऊन फिरणारा एखादा तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. त्याचं नाक आता सर्दीमुळे नाही, बहुतेक थेंबांमुळेच चोंदत असतं.

कसं? नाक बंद होतं ते फक्त शेंबडामुळे नाही, तर आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन ही औषधं त्या आकसवतात. परिणाम ओसरला की त्या पुन्हा फुगतात आणि रोज वापरलं तर जास्तच. म्हणून हे थेंब ३ ते ५ दिवसांच्या वर नकोत. सवय लागलीच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा, ती सुटते.

मग रोजचं काय? मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवा, म्हणजे आपली जलनेती. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं. थेट नळाच्या पाण्यातून, क्वचित का होईना, मेंदूला जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. बामने बरं वाटतं, पण मेंथॉल नुसता थंडाव्याचा भास देतं, आतली सूज तशीच राहते. झोपताना उशी जरा उंच घ्या.

दहा दिवसांत फरक नाही, ताप आहे, चेहरा दुखतोय? मग गुगल राहू दे, डॉक्टरांकडे जा.