सहाणेवरचे दोन वेढे

बाळाचं बारसं झालं की बऱ्याच घरांत सहाण निघते. वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, जायफळ, मायफळ, हळकुंड. प्रत्येकाचे एक-दोन वेढे आईच्या दुधात उगाळायचे नि बाळाला चाटवायचे, हीच बाळगुटी. ‘झाडपाल्याचंच आहे, अपाय कसला?’ असं म्हणणाऱ्या आजीची माया खरी, पण तिचा हिशेब चुकतो.

गुटी दिली की बाळ शांत झोपतं, हे खोटं नाही. जायफळाने गुंगी येते. पण तान्ह्या बाळाला दर दोन-तीन तासांनी अंगावर प्यायचं असतं. गुंगीतलं बाळ नीट ओढत नाही. वेखंडातल्या बीटा-असारोन या घटकामुळे प्राण्यांमध्ये गाठी झाल्याचं आढळलं, म्हणून अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. शिवाय वेढा हे काही माप नव्हे. आजीच्या हलक्या हाताचे दोन वेढे आणि मावशीच्या दाबून दिलेल्या दोन वेढ्यांत केवढा फरक! त्यात सहाण धुतली तरी तिच्या खाचांत ओल नि जंतू राहतात.

गुटीत मध घालणं तर त्याहून वाईट. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत. बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. वर्ष होईपर्यंत मधाचं बोटही नको. पहिले सहा महिने डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडलं तर फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. सुरुवातीचा पिवळा चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकतात, पण रोगाशी लढणारी द्रव्यं त्यातच भरपूर असतात.

नाळेला हळद, तेल, राख काही लावू नये. ती कोरडी ठेवली की आपसूक गळते.

बाळंतिणीच्या ताटाचं मात्र वेगळं. अळिवात लोह आहे, फक्त वनस्पतींतलं लोह अंगी कमी लागतं. म्हणून अळिवावर लिंबू पिळावं, लगेच चहा घेऊ नये, आणि सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्याव्यात. ‘अळिवाची खीर चालू आहे, मग गोळ्या कशाला?’ हे अनेकींना महागात पडतं. शतावरीच्या कल्पाने दूध वाढतं म्हणतात, पण त्याचा पुरावा अजून तोकडा आहे. बाळाला वरचेवर पाजलं की दूध वाढतं, हे नक्की.

आजीचा हिरमोड व्हायला नको, तर सहाणेवरची सुंठ डिंकाच्या लाडवात घालावी आणि तो लाडू आईला द्यावा.