शाळा बदलायची की शाळा सुधारायची?

सातारा-सांगलीकडच्या घरांत जून जवळ आला की एकच खल चालतो : पोराला गावच्या जिल्हा परिषद शाळेत घालायचं, की इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसवायचं?

पालकांना निवड दिली की शाळा सुधारतात, या विश्वासातून अमेरिकेत ‘चार्टर’ शाळा निघाल्या. पहिला कायदा मिनेसोटा राज्याचा, १९९१चा. पैसा सरकारी, कारभार स्वतंत्र मंडळाकडे; ठरलेलं काम झालं नाही तर करार संपवता येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २००९च्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरकारी शाळांहून सरस ठरल्या, ३७ टक्के मागे पडल्या, उरलेल्या बरोबरीत राहिल्या. त्याच विद्यापीठाच्या २०२३च्या अभ्यासात चार्टर शाळांची सरासरी किंचित पुढे गेली. शाळाशाळांतली तफावत मात्र मोठीच राहिली.

सरकारी पैसा आणि खासगी कारभार ही जोडी आपल्यालाही जुनीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि बहुजनांच्या पोरांना हायस्कूलची दारं उघडली. अनुदानित शाळांत आजही व्यवस्थापन संस्थेचं, पगार सरकारचा. पण इथे मंजूर पदं ठरतात पटावर. मुलं किती शिकली, यावर नाही.

मग शिकणं बदलतं कशानं? सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटनं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटानं, ते दाखवलं. शाळा जिल्हा परिषदेच्याच, गुरुजी तेच, बाई त्याच. बदलली ती शिकवण्याची रीत. फरशीवर ओळीगणिक शब्द वाढत जाणारे शब्दडोंगर आखले, हातात काड्यांचे गठ्ठे आले. पोरं दशक-एकक मोजून, जुळवून शिकू लागली. राज्यभरातले शिक्षक ते वर्ग पाहायला आले.

म्हणून गावची शाळा सोडण्याआधी वर्गात जाऊन बसा. मुलाला न पाहिलेला उतारा वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी घाला. कमी दिसलं तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. शिक्षण हक्क कायद्यानं तिथल्या तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. एकेक पोर गेलं की पट घटतो, पट घटला की शिक्षकाचं पद जातं आणि त्याचा फटका गाडीभाडं न परवडणाऱ्या घरातल्या मुलाला बसतो. शाळा निवडण्याचा हक्क पालकांना हवाच. पण गावची शाळा चांगली असेल, तरच तो हक्क त्या मुलाच्याही वाट्याला येईल.