आच किती ठेवायची? : दाओ परंपरेतली आंतरिक किमया आणि गुरूचं काम

रव्याच्या लाडवांसाठी केलेला पाक एकतारी झाला की नाही, हे आमच्या घरी आईची दोन बोटं ठरवत. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून ती बोटं अलगद विलग करायची. तार तुटली की पातेलं पुन्हा गॅसवर, टिकली की खाली. पाक कच्चा राहिला तर लाडू वळत नाहीत आणि पुढे गेला तर दगड होतात. पाककृतीच्या पुस्तकात ‘एकतारी पाक करून घ्यावा’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्यात खोटं काहीच नसतं. पण त्या वाक्यावर विसंबून पहिल्यांदा लाडू करणाऱ्याची फजिती ठरलेली.

चिनी भाषेत यासाठी नेमका शब्द आहे : ‘हुओहौ’. ‘हुओ’ म्हणजे अग्नी. ‘हौ’ म्हणजे वेळ, लक्षण, वाट पाहणं. आच किती आणि किती वेळ, हे ओळखण्याची जाण म्हणजे हुओहौ. चिनी स्वयंपाकघरात हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. हाच शब्द दाओ परंपरेतल्या ‘नेइदान’ या ध्यानसाधनेच्या गाभ्याशी आहे. ‘नेइ’ म्हणजे आतलं आणि ‘दान’ म्हणजे हिंगूळ, आणि त्यावरून सिद्ध रसायन. मराठीत आपण तिला ‘आंतरिक किमया’ म्हणू.

या विषयाकडे मी वळलो तो वाचनातून. चिनी मला जेमतेम अक्षरओळखीपुरती येते. थॉमस क्लिअरी, फाब्रित्सिओ प्रेगादिओ यांची इंग्रजी भाषांतरं हाच माझा मुख्य आधार. आयुष्यात जे काही शिकलो ते ग्रंथालयात बसून, एकट्यानं. त्यामुळे ‘गुरूवाचून ही विद्या नाही’ हे या परंपरेचं पालुपद मला सुरुवातीपासून खटकत होतं. विद्या मूठभरांच्या हातात ठेवण्याची ही युक्ती असावी, असं माझं मत होतं. ते मत अर्धं चुकीचं निघालं. अर्धं अजूनही बरोबर वाटतं. या लेखात दोन्ही अर्धी मांडायची आहेत.

भट्टीतून देहात

आतल्या किमयेआधी बाहेरची किमया होती. हिंगूळ तापवला की पारा निघतो आणि पारा-गंधकापासून पुन्हा हिंगूळ करता येतो. नष्ट होऊन पुन्हा मूळ रूपाला येणाऱ्या या द्रव्यात चिनी किमयागारांना अमरत्वाची खूण दिसली. पारा, शिसं, हिंगूळ यांच्या गोळ्या तयार झाल्या आणि त्या घेणाऱ्यांत राजेही होते. नवव्या शतकात तांग घराण्यातल्या एकाहून अधिक सम्राटांचे मृत्यू अशा गोळ्यांनी ओढवले, असं इतिहासकार मानतात. वूझोंग 846 मध्ये गेला, श्युआनझोंग 859 मध्ये.

हळूहळू भट्टी देहात आली. शब्द तेच राहिले, अर्थ बदलले. शिसं म्हणजे आता खाणीतला धातू नव्हे, तर देहातल्या जलतत्त्वात दडलेलं खरं ‘यांग’; पारा म्हणजे अग्नितत्त्वात दडलेलं खरं ‘यिन’. कढई म्हणजे पोट, भाता म्हणजे श्वास आणि आच म्हणजे लक्ष.

या साधनेची मूळ कल्पना साधी आहे. माणसाच्या देहात अग्नी वर असतो, हृदयात आणि मनात; पाणी खाली असतं, मूत्रपिंडांच्या जागी. अग्नीचा स्वभाव वर जाण्याचा, पाण्याचा खाली वाहण्याचा. म्हणून दोघांची भेट होत नाही. एक विझत जातो, दुसरं वाहून जातं, आणि यालाच आपण म्हातारपण म्हणतो. साधना म्हणजे ही मांडणी उलटी करणं : अग्नी खाली, पाणी वर. चुलीवर पातेलं ठेवलं की वाफ निघते, तसं. प्रत्यक्षात यासाठी लक्ष डोक्यातून काढून बेंबीखालच्या ‘दानत्येन’मध्ये, म्हणजे हिंगुळाच्या शेतात, ठेवायचं असतं.

पुढचे टप्पेही ठरलेले आहेत. ‘जिंग’ म्हणजे देहाचं बीजसत्त्व, ‘ची’ म्हणजे प्राण आणि ‘शेन’ म्हणजे चैतन्य. जिंगपासून ची, चीपासून शेन आणि शेनचं शून्यात परतणं, अशी ही चढण. तिच्या सुरुवातीला ‘लहान प्रदक्षिणा’ असते : ची पाठीच्या कण्यातून वर चढते, माथ्यावरून फिरून देहाच्या पुढल्या बाजूनं पुन्हा पोटात उतरते. जीभ टाळूला लावायची ती या वाटेवरचा पूल म्हणून.

बीजिंगच्या श्वेतमेघ मठात 1886 साली कोरलेला एक शिलापट आहे, ‘नेइजिंग थू’. त्यात हा सगळा प्रवास एका निसर्गचित्रात दाखवला आहे. कणा म्हणजे डोंगररांग. तळाशी एक मुलगा आणि एक मुलगी पायानं रहाट फिरवून पाणी वर चढवताहेत. पोटात एक माणूस बैलाला घेऊन शेत नांगरतो आहे. आपल्याच शरीरात कुणी नांगरणी करत आहे, ही कल्पना मला या परंपरेच्या अनेक ग्रंथांपेक्षा जास्त बोलकी वाटते.

मराठी वाचकाला वाटेल ते, आणि फरक

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचलेल्या माणसाला इथे कुंडलिनी आठवणारच. मलाही आठवली. कणा, अग्नी, देहाचं नवं होणं आणि गुरुमुखाचं माहात्म्य ही साम्यं खरी आहेत. पण एक फरक विसरता येत नाही. नाथपंथी वर्णनात शक्तीचा ओढा ऊर्ध्व आहे. ब्रह्मरंध्राकडे जाणं हे गंतव्य. लहान प्रदक्षिणेत वर चढणं हा फक्त अर्धा रस्ता. चढलेली ची खाली उतरून पोटात परत आली नाही, तर ते यश नसून बिघाड समजला जातो. ‘हे आपल्याकडे होतंच’ म्हणून पुस्तक मिटलं, तर नेमका हाच मुद्दा हातून सुटतो. माझ्या हातून तो सुटलाही.

जे लिहिता येत नाही

नेइदानचा सर्वांत मान्य ग्रंथ म्हणजे झांग बोदुआनचा ‘वूझेन प्येन’. त्याची प्रस्तावना 1075 सालची आहे. तीत तो सांगतो की तिन्ही धर्मांच्या ग्रंथांबरोबर कायदा, गणित, वैद्यक, युद्धशास्त्र, खगोल, भूगोल या सगळ्याचा त्यानं अभ्यास केला होता. म्हणजे हा आमच्याच जातकुळीतला माणूस. मात्र किमयेचं मर्म त्याला कळलं ते 1069 मध्ये, चेंग्दू इथे गुरू भेटल्यावर. गुरूनं दिलं काय? औषधांची माहिती आणि अग्नीचं प्रमाण.

औषधांबद्दल ग्रंथांत भरपूर आहे. अग्नीबद्दल मात्र सांकेतिक भाषेतच बोललं जातं. ‘वू’ अग्नी म्हणजे योद्ध्याचा : जोरकस श्वास, घट्ट लक्ष. ‘वेन’ अग्नी म्हणजे विद्वानाचा : सैल श्वास, असूनही नसल्यासारखं लक्ष. मध्ये ‘स्नान’ नावाचा विराम, त्यात काहीच करायचं नाही. कण्यातल्या तीन नाक्यांसाठी तीन गाड्या सांगितल्या आहेत. माकडहाडाशी मेंढीची गाडी, म्हणजे हळूहळू. पाठीच्या मध्यावर हरणाची, म्हणजे चपळ आणि हलकी. मानेच्या वर, कवटीच्या बुडाशी बैलाची, म्हणजे जोर लावून. हे सगळं वाचता येतं, पाठ होतं. पण आत्ता, या क्षणी, माझ्या देहात मेंढी हवी की बैल, हे कुठलंच पान सांगत नाही. पान मला पाहू शकत नाही.

हे मला कळलं ते चुकल्यावर. भाषांतरं समोर ठेवून मी पहाटे बसायला लागलो. लहान प्रदक्षिणा लवकर ‘उघडावी’ म्हणून श्वास जोरानं ओढायचा आणि लक्ष भुवयांच्या मध्ये रोवायचं, असा माझा खाक्या. कुंडलिनीचं वाचन डोक्यात होतंच; वर न्यायचं, एवढंच मला माहीत. महिन्याभरात कपाळाशी ऊब जाणवली आणि मी खूश झालो. दोन महिन्यांत त्या उबेची कढत पट्टी झाली. झोप तुटायला लागली, रात्री छाती धडधडायची, घरच्यांवर विनाकारण खेकसणं सुरू झालं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. काही सापडलं नाही. त्यांनी बसणं थांबवायला सांगितलं आणि मी ते ऐकलं.

पुढे सिंगापूरला असलेल्या भाचीच्या ओळखीतून पेनांगच्या एका वयस्कर चिनी बाईंशी बोलणं झालं. त्या घरीच चार-पाच जणांना शिकवतात. त्यांना मी ‘लाओशी’, म्हणजे शिक्षक, म्हणतो. पहिल्या व्हिडिओ कॉलला मी वाचलेल्या ग्रंथांची यादीच घेऊन बसलो होतो. त्यांनी विचारलं, ‘डॉक्टरांना दाखवलंत का?’ मग विचारलं, ‘पाय गार पडतात का?’

पडत होते. डोकं तापलेलं, पाय गार. अग्नी वर, पाणी खाली. ज्या बिघाडाचं वर्णन मी वर्षभर वाचत होतो, तोच माझ्या अंथरुणात होता आणि मला तो ओळखता आला नव्हता.

त्यांनी प्रदक्षिणा बंदच करायला लावली. रोज चालणं आणि दहा मिनिटं बसणं, लक्ष बेंबीखाली, तेही सहज, नजर टाकल्यासारखं. ‘आणि बरं वाटायला लागलं की उठा,’ असं त्यांनी बजावलं. माझ्यासारख्या अधाशी वाचकाला सगळ्यात अवघड गेलं ते हे. गोडी लागली असतानाच उठायचं! काही महिन्यांनी डोळे मिटल्यावर पांढरा उजेड दिसला. तो मी त्यांना अभिमानानं सांगितला. त्या म्हणाल्या, ‘बरं. जेवण नीट होतंय ना?’

झोप परत आली. पाय कोमट राहू लागले. ची ही मोजता येणारी वस्तू आहे असा माझा दावा नाही, आणि रसायन सिद्ध झाल्याचा तर नाहीच.

दुसरं अर्ध

इथेच थांबलो तर हा लेख गुरुस्तुती होईल. पण पाऱ्याच्या गोळ्या घेणारे सम्राट काही स्वतःच्या मनानं त्या घेत नव्हते. दरबारातले जाणकार त्यांना मार्गदर्शन करत होते. गुरू असणं हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. क्षयानं आजारी असलेला जियांग वेइच्याओ (1873–1958) एकट्यानं बसायला शिकला. वैद्यकाच्या एका जुन्या ग्रंथातल्या लहानशा उताऱ्याचा त्याला आधार होता. त्यातून तो सावरला आणि 1914 मध्ये त्यानं स्वस्थ बसण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. शिसं-पाऱ्याची कोडी टाकून साध्या भाषेत लिहिलेलं ते पुस्तक अफाट खपलं. छेन यिंगनिंग (1880–1969) यानं तर नियतकालिकाचाच गुरू केला. 1933 ते 1937 या काळात शांघायहून निघालेल्या एका पाक्षिकात वाचक आपल्या साधनेतल्या अडचणी लिहून कळवत आणि तो त्यांची छापील उत्तरं देई. पत्रलेखकांत स्त्रियाही होत्या. गुप्त ठेवलेली विद्या त्यानं चव्हाट्यावर आणली, पण प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा हा धागा तोडला नाही. मला त्याचं मोठेपण इथे दिसतं.

तो धागा तुटल्यावर काय होतं, ते पुढच्या काळात दिसलं. 1980 च्या दशकात चीनमध्ये ‘छिगोंग’ची लाट आली. मैदानांत, सभागृहांत हजारो माणसं एका वेळी एकच साधना करू लागली. समोर गुरू होता, पण त्याला कुणाचे पाय गार आहेत हे कळणं शक्य नव्हतं. ‘झोऊ हुओ रू मो’, म्हणजे अग्नी वाट सोडून जाणं आणि माणूस भुतानं झपाटल्यासारखा होणं, हा जुना शब्दप्रयोग डॉक्टरांच्या नोंदींत येऊ लागला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 1994 च्या निदानपुस्तिकेतही अशा विकाराची नोंद आहे. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना गुरू होता. नव्हती ती गुरूची नजर.

तेव्हा माझ्यापुरतं उत्तर असं. गुरूचं काम गुपित सांगणं हे नाही; आज जवळजवळ सगळी गुपितं छापलेली आहेत. त्याचं काम आच पाहणं, आणि बहुतेक वेळा ती कमी करणं. जो भेटल्याबरोबर आच वाढवायला सांगतो, जो डॉक्टरांकडे जाण्यापासून अडवतो, ज्याला तुमच्या झोपेपेक्षा तुमच्या श्रद्धेत जास्त रस आहे, त्याच्यापेक्षा पुस्तक बरं. पुस्तक निदान मिटता तरी येतं.

झांग बोदुआननं ग्रंथाच्या शेवटी कबुली दिली आहे की त्यानं ही विद्या तीनदा अपात्र माणसांना दिली आणि तिन्ही वेळा त्याच्यावर संकट कोसळलं. म्हणून त्यानं सगळं ग्रंथात घातलं : ज्याची तयारी असेल त्याला वाचूनच उमगेल, आणि ते देणं आकाशाचं असेल, आपलं नव्हे. म्हणजे गुरूचा इतका आग्रह धरणाऱ्यानंही शेवटी भरवसा ठेवला तो अनोळखी वाचकावर. माझ्यातला एकटा वाचक या शेवटापाशी सुखावतो. मग मला आमचं स्वयंपाकघर आठवतं. आई गेल्यावर मी तिच्या वहीतून लाडू केले. वहीत सगळं होतं. पहिल्या वर्षी दगड झाले, दुसऱ्या वर्षी वळेचनात. तिसऱ्या वर्षी शेजारच्या काकू येऊन ओट्याशी उभ्या राहिल्या आणि एकच शब्द म्हणाल्या, ‘उतरवा.’