वैरागडचे हिरे आणि किंबर्लाइटचा शोध

गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यातील वैरागड हे गाव तेथील किल्ल्यामुळे परिचित आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने सिद्ध केलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त मात्र या स्थळाचा उल्लेख हिऱ्यांच्या खाणीसंबंधी आला आहे. तेथे आजही हिरे मिळतील काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्यासाठी हिरा कोठून येतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

हिरा म्हणजे कार्बन. भूपृष्ठाखाली सुमारे १५० किलोमीटर वा अधिक खोलीवर, प्रचंड दाबाखाली तो तयार होतो. त्याला वर आणणारा प्रमुख अग्निज खडक म्हणजे किंबर्लाइट. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली शहरावरून हे नाव पडले. वर रुंद व खाली निमुळत्या होत जाणाऱ्या उभ्या नळीच्या रूपात हा खडक आढळतो. कालांतराने नळीचा माथा झिजतो व हिरे वाहत जाऊन नदीकाठच्या गोट्यांच्या थरांत साचतात. भारतातील बहुतेक जुन्या हिरेखाणी अशाच थरांत होत्या. म्हणून एखाद्या ठिकाणी हिरा सापडला, तरी मूळ खडक तेथेच असेल असे नाही.

हिरा अत्यंत विरळ असल्याने भूवैज्ञानिक प्रथम त्याचे सोबती शोधतात. ओढ्यांतील वाळू धुऊन जांभळट-लाल पायरोप गार्नेट, हिरवे क्रोम-डायॉप्साइड व काळे इल्मेनाइट यांचे कण निवडले जातात. कण मिळत जातील तसतसे उगमाकडे सरकावयाचे. ते जेथे संपतात, त्या परिसरात चुंबकीय मोजणी करून खड्डे व छिद्रे घ्यावयाची, असा हा क्रम होय. वैरागड ज्या प्राचीन बस्तर भूखंडावर वसले आहे, त्याच भूखंडात छत्तीसगडच्या मैनपूर भागात बेहराडीह व पायलीखंड येथे किंबर्लाइट आढळले आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तथापि, किंबर्लाइट सापडणे म्हणजे खाण सापडणे नव्हे. बहुतेक नळ्यांत खर्च भरून निघण्याइतके हिरे नसतात. ते ठरविण्यासाठी पुष्कळ टन खडक फोडून, धुऊन हिरे मोजावे लागतात. मध्य प्रदेशातील पन्नाजवळच्या मझगवाँ खाणीतील खडक किंबर्लाइटच्या जवळच्या कुळातला आहे. तेथील सरासरी प्रमाण १०० टनांस सुमारे १० कॅरट, म्हणजे अवघे २ ग्रॅम आहे. पाच कोटी भागांत एक भाग हिरा!

ग्रामस्थांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काचेवर ओरखडा उमटविणारा प्रत्येक चकचकीत खडा हिरा नसतो. साधी गारही काच कापते. वेगळा खडा आढळल्यास तो नेमका कोठे सापडला याची नोंद करून भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाच्या अधिकाऱ्यांस दाखवावा. परवानगीवाचून उत्खनन करणे १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाविरुद्ध तर आहेच. शिवाय त्यामुळे थर विस्कटून मूळ खडकाकडे नेणारा मागही पुसला जातो. खड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोल त्याच्या जागेला आहे. शिक्षकांनी ही बाब विद्यार्थ्यांच्या मनावर अवश्य बिंबवावी.